अबरीच्या कागदातला डबा

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. पण मला पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास मला पुस्तक समजायचा. चूक त्याची नव्हती. मी चौकोनी आहे, जाडीला एखाद्या शब्दकोशाएवढा. आणि चाळीस वर्षं माझ्या अंगाभोवती अबरीचा कागद होता, जुन्या हिशेबवह्यांच्या पुठ्ठ्यांवर असायचा ना, निळ्या-तांबड्या लाटांचा, तसा. फडताळात पुस्तकांच्या रांगेत मी बसलो की ओळखू येत नसे. तो कागद आता नाही. का नाही, तेच सांगायला बसलो आहे.

माझा जन्म कारखान्यातला. पत्रा कापला, दुमडला, कडांना डाख दिला, वर दाबून बसणारं झाकण बसवलं आणि माझ्या पोटात दोन किलो पांढरी पावडर भरली. तिचं पूर्ण नाव डायक्लोरो डायफिनाइल ट्रायक्लोरोइथेन. म्हणताना मध्येच पाण्याचा घोट घ्यावा लागतो, म्हणून सगळे डीडीटी म्हणतात. माझ्यात ती नुसती नव्हती, खडूसारख्या भुकटीत मिसळलेली होती. दिसायला साधी. वासही जवळजवळ नाही. पण तिच्या प्रत्येक रेणूत क्लोरीनचे पाच अणू घट्ट बसलेले असतात, आणि म्हणून ती सहजासहजी मोडत नाही. उन्हापावसानं, मातीनं, वर्षानुवर्षांनीसुद्धा पुरती संपत नाही. झुरळ किंवा डास तिच्यावरून नुसता चालत गेला तरी ती त्याच्या पायांतून आत शिरते आणि त्याच्या नसा पेटत्या ठेवते. तो थरथरतो, उलटा पडतो, मरतो.

दोन गोष्टी मात्र नीट लक्षात ठेवा, कारण पुढे सगळं त्यांच्यावरच येणार आहे. ही पावडर पाण्यात विरघळत नाही. तेलात आणि चरबीत विरघळते.

माझ्या अंगावर हे सगळं छापलेलं होतं. विष. लहान मुलांपासून दूर ठेवा. तेलाशी संपर्क टाळा. हात साबणानं धुवा. अक्षरं बारीक होती, पण होती.

कारखान्यातून मी एका ग्रंथालयात गेलो आणि तिथून ग्रंथपालबाईंनी मला बाइंडरच्या हाती दिलं. तो तेव्हा ऐन तिशीत होता. ग्रंथालयाची फाटकी पुस्तकं घरी नेऊन शिवून आणायचा. घराची पुढची खोली म्हणजे त्याचं दुकान. मधोमध लांब टेबल, एका अंगाला पुस्तकं दाबून ठेवायचा लाकडी शिकंजा, खिडकीत सुकायला टांगलेले कागद, आणि सगळीकडे शिजवलेल्या खळीचा वास.

त्यानं मला दोन्ही हातांनी घेतलं होतं, अजून आठवतं. त्याला कारण होतं. तो लहान असताना त्याच्या वस्तीत हिवतापाची साथ यायची. तो पाच वर्षांचा असताना त्याची धाकटी बहीण त्यात गेली. पुढच्या वर्षी खाकी कपड्यांतली माणसं पाठीवर पंप घेऊन आली आणि त्यांनी घरोघरच्या भिंतींवर माझ्या पोटातलीच ही पावडर फवारली. त्यानंतर त्याच्या घरात कुणी तापानं फणफणलं नाही. ही गोष्ट तो दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा आणि शेवटी माझ्या झाकणावर टिचकी मारून म्हणायचा, "एक वर्ष. फक्त एक वर्ष आधी यायला हवी होती ही."

ते खरं होतं, मित्रांनो. मी माझ्या पोटातल्या पावडरीची बाजू घेत नाही, पण तिनं लाखो माणसं वाचवली, हेही लपवत नाही.

बाइंडरला कुठलीही उघडी वस्तू बघवत नसे. मिठाची बरणी, मुलाच्या कंपासपेटीचं झाकण, रेडिओ, सगळ्याला त्यानं पुठ्ठा नाहीतर कागद चढवलेला. मीही सुटलो नाही. उरलेल्या अबरीतून त्यानं माझ्या मापाचा तुकडा कापला, खळ लावली, हाडाच्या पट्टीनं एकेक कडा दाबून बसवली. सुरकुती एक नाही. शाबासकी म्हणूनच त्यानं मला तो अंगरखा घातला. मला फार आवडला. माझ्या अंगावरची सगळी अक्षरं त्याखाली गेली, याचं मला तेव्हा काही वाटलं नाही.

त्याची काम करायची एक पद्धत होती. कातडी पाठ असलेलं पुस्तक आलं की तो एरंडेल तेलात माझ्यातली दोन चमचे पावडर खलायचा, भुकटीचा गाळ खाली बसू द्यायचा, वरचं तेल वाटीत ओतायचा आणि ते उघड्या तळहातानं कातड्यात जिरवायचा. फडक्यानं नाही. "कातड्याला हाताची ऊब लागते," म्हणायचा. दोन दिवस पुस्तक टांगून ठेवायचं. मग त्याला कसर लागत नसे, वाळवी शिवत नसे. कोरडी पावडर पंख्यानं उडते आणि तेलातली जागच्या जागी राहते, हे त्याचं त्यानं शोधून काढलं होतं. कुणी विचारलं तर अभिमानानं सांगायचा.

पुढे कायदे बदलले. ग्रंथपालबाई एकदा येऊन म्हणाल्या, "ते आता वापरू नका हो. पुस्तकांसाठी दुसरं काही बघू." बाइंडरनं मान डोलावली, मला वरच्या फळीवर ठेवलं आणि तिथंच राहू दिलं. चांगली वस्तू टाकायची त्याला सवय नव्हती.

वीस वर्षं मी वरच होतो. खालचं जग बदललं. बाइंडरचे केस पांढरे झाले, बायको गेली, मुलगा छापखान्यात लागला, त्याचं लग्न झालं आणि सूनबाई घरात आली. माझ्या मागच्या फटीत एक पाल राहायला आली. ती दिव्याखाली किडे धरायची आणि दिवसा माझ्या पाठीला पाठ लावून झोपायची. मी पाहिलेल्या सगळ्यांत शांत शेजारीण.

सूनबाई हळूहळू कामात शिरली. तिच्याकडे पानं लावायचं काम आलं. जुन्या पुस्तकांच्या पानांचे कोपरे झडलेले असतात, आकडे गेलेले असतात. मग कुठल्या पानामागे कुठलं, हे कसं कळणार? एका पानाची शेवटची ओळ वाचायची आणि ती जिथं पुरी होते अशी पहिली ओळ शोधायची. दिवसभर तिच्या तोंडी हेच. त्यामुळे तिला जगातल्या सगळ्या विषयांतलं थोडं थोडं ठाऊक होतं, पण प्रत्येक पानाच्या मधलं काहीच नाही.

"बाबा, या राजाचं काय झालं हो शेवटी?" ती विचारायची.

"मला काय माहीत? माझ्याकडे तो शिवायला आला होता."

मग घरात बाळ आलं. गुबगुबीत, गालांच्या वळ्यांत मान हरवलेली. आजोबांनी तिसऱ्याच दिवशी तिचं नाव ठमाकाकू ठेवलं आणि खरं नाव कागदावरच राहिलं. दुकानातच एका बाजूला लाकडी चौकटीचा पाळणा आला. सूनबाई पानं लावता लावता पायानं त्याची दोरी ओढायची, मधूनच उठून बाळाला पाजायची, पुन्हा कामाला बसायची. ठमाकाकूला सहावा महिना लागला. हिरड्या शिवशिवायला लागल्या आणि हाताला येईल ते तोंडात जायला लागलं: दोरा, पदर, आजोबांची नाकपुडी.

"दात येतायत तुझ्या नातीला," एक दिवस छापखान्यातून आलेला तिचा बाप म्हणाला. "काल माझं कोपर चावून काढलं."

"बाइंडरची नात आहे. माप घेतेय," आजोबा म्हणाले.

अशात दोन गोष्टी घडल्या. ठमाकाकू पाळण्यात उठून बसायला लागली आणि एकदा कडेवरून जवळजवळ खाली आली. आणि सांडलेल्या दुधाच्या वासावर मुंग्या पाळण्याच्या पायांवरून चढल्या. एका सकाळी बाळाच्या पाठीवर लाल गांधी उठलेल्या दिसल्या. ती ओरडून ओरडून निळी पडली होती. सूनबाई तिला छातीशी धरून खोलीभर फिरत होती. आजोबा कोपऱ्यात उभे होते, आणि त्यांचा चेहरा मी वरून पाहिला. पाच वर्षांच्या मुलाचा होता तो.

सूनबाई बाळाला घेऊन आत गेली, तसे ते स्टुलावर चढले आणि मला फळीच्या कडेला ओढून तिथंच उघडू लागले.

झाकण गंजलं होतं. जोर लावताना ते फटकन उघडलं आणि थोडी पावडर फळीवर सांडली. ती त्यांना दिसली नाही. मला दिसली.

मित्रांनो, म्हातारा बेफिकीर होता असं समजू नका. ही पावडर बाळाच्या तोंडात जाऊ नये, हे त्यालाही कळत होतं. म्हणून तर त्यानं ती पाळण्याभोवती नुसती टाकली नाही. त्यानं आपल्या हुकमी पद्धतीनं काम केलं. एरंडेलात खलली, गाळ बसू दिला, वरचं तेल घेतलं. पाळण्याच्या पायांना लावलं. मग बाळ पडू नये म्हणून खास शिवलेला पट्टा घेतला, मऊ बदामी कातड्याचा, पितळी बकल असलेला, आणि त्याला ते तेल दोन्ही तळहातांनी चोळचोळून जिरवलं. पुस्तकाच्या पाठीला जिरवायचा तसं. एकदा कातड्यानं तेल पिऊन टाकलं की ते बाहेर येत नाही, हा त्याचा चाळीस वर्षांचा अनुभव होता. पण त्या चाळीस वर्षांत कुठल्याही पुस्तकाची पाठ कुणी चघळली नव्हती.

पट्टा खिडकीत टांगला गेला. दोन दिवस.

"काय करताय, बाबा?" सूनबाईनं विचारलं.

"ठमाकाकूचा कमरपट्टा. परवा घालू. आत्ता हात लावू नकोस, तेल जिरतंय."

"तुम्ही तिला एक दिवस पुठ्ठासुद्धा चढवाल."

"चढवला असता गं. शिकंज्यात मावत नाही ती."

ती हसली. मी फळीवर परत आलो होतो. मला बोलता येत नाही, हे तुम्हांला ठाऊकच आहे. बोलायचं ते माझ्या अंगावर लिहिलेलं होतं, आणि त्यावर निळ्या-तांबड्या लाटा होत्या.

पहिल्या दिवशी फळीवरच्या पावडरीतून दोन झुरळं चालत गेली. त्यांचे पाय लटपटू लागले. पालीनं त्यांना आयतं गाठलं. पळू न शकणारं भक्ष्य तिला कधी मिळालं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आजोबांनी पट्टा उतरवला, नाकाशी नेला, वाकवून पाहिला. लोण्यासारखा झाला होता. ठमाकाकू पाळण्यात बसली होती. सूनबाई टेबलाशी एका दवाखान्याच्या जुन्या पुस्तकाची पानं लावत होती. आजोबांनी पट्ट्याचं एक टोक पाळण्याच्या एका कडेला अडकवलं आणि दुसऱ्या कडेचं भोक नीट पडलं नाही म्हणून आरी शोधायला वळले. मोकळं टोक ठमाकाकूसमोर लोंबत राहिलं.

त्याच वेळी माझी शेजारीण फळीवरून खाली पडली. थेट टेबलावर, सूनबाईच्या समोरच्या पानावर.

ती पळाली नाही. चारही पाय ताणून थरथरत राहिली. सूनबाई किंचाळली नाही. नुसती बघत राहिली. मग तिनं वर पाहिलं. फळीच्या कडेला पांढरी रेघ होती. खाली जमिनीवर एक झुरळ पाठीवर पडून पाय झाडत होतं.

"बाबा, ही पाल अशी काय करतेय? आणि वर पांढरं काय सांडलंय?"

"ते होय? ते आपलं जुनं औषध. मुंग्यांसाठी काढलं होतं." आजोबा खणात आरी चाचपत होते.

"कसलं औषध?"

"अगं, त्या डब्यातलं. पुस्तकांना लावायचो ते. एकदम भारी. तेलात घालून लावलं की वर्षभर बघायला नको."

मी वरून तिचा चेहरा पाहत होतो. तिचे ओठ हलले. गेल्या पावसाळ्यात पानं लावताना तिनं जुळवलेली एक जोडी त्या ओठांवर आली होती. एका पानाची शेवटची ओळ: 'हे द्रव्य पाण्यात विरघळत नाही, ते चरबीत साठत जाते आणि आईच्या'. दुसऱ्या पानाची पहिली ओळ: 'दुधातून बाळापर्यंत पोहोचते'. जोडी चटकन जुळली म्हणून तेव्हा ती खूश झाली होती. ते द्रव्य कुठलं, हे पानाच्या मध्ये होतं, आणि मधलं तिनं वाचलं नव्हतं.

ती स्टुलावर चढली. मला खाली आणलं. ओल्या फडक्यानं माझी एक बाजू भिजवली आणि हाडाची पट्टी कागदाखाली सारली.

"अगं, अगं! चाळीस वर्षांचा कागद आहे तो!"

"बाबा, थांबा."

तिला कागद सोडवायला त्यांनीच शिकवलं होतं. खळ सुटली. एक लाट गेली, दुसरी गेली. माझ्या अंगाला कित्येक वर्षांनी हवा लागली. पहिला शब्द तिनं मोठ्यानं वाचला. मग पुढचे. 'तेलाशी' या शब्दापाशी तिला तेल जिरवलेला पट्टा आठवला आणि तिनं मान वळवली.

ठमाकाकूनं पट्ट्याचं टोक दोन्ही मुठींत धरलं होतं. तोंड उघडलं होतं. हनुवटीवरून लाळ ओघळत होती.

"पट्टा!"

आजोबा जवळ होते. ते कधी वळले, कधी पोचले, मला कळलं नाही. हिरडीच्या दोन बोटं अलीकडून त्यांनी तो हिसकावला. ठमाकाकूनं क्षणभर आपल्या रिकाम्या मुठींकडे पाहिलं आणि जो भोंगा लावला, तो छापखान्यापर्यंत गेला असावा. कुणाला इतक्या आनंदानं रडू देताना मी कधी पाहिलं नव्हतं.

मुठी तोंडात जायच्या आत सूनबाईनं धरल्या. साबणानं धुतल्या, तीन वेळा. कपडे बदलले. मग मला दोन पिशव्यांत घालून सगळे डॉक्टरीणबाईंकडे गेले. मला न्यायचं सूनबाईलाच सुचलं. डॉक्टरीणबाईंनी आधी बाळ तपासलं, मग माझं लेबल वाचलं.

"डबा आणलात हे उत्तम केलंत. अर्धी माणसं नुसतं 'पांढरं काहीतरी' म्हणतात. बाळ ठीक आहे. आजोबा, तुम्ही हे हातानं लावायचात? किती वर्षं?"

"वीस तरी."

"हातापायांना मुंग्या येतात?"

"त्यांच्यासाठीच तर हे सगळं केलं हो," आजोबा म्हणाले. आणि त्यांनी आपले दोन्ही तळहात उलटसुलट करून पाहिले.

सूनबाईनं विचारायचं ते शेवटी विचारलं. हळू, खाली बघत. "मी दोन वर्षं तीच पुस्तकं हाताळतेय. माझ्या दुधात... मी पाजणं बंद करू का?"

"मुळीच नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "थोडं थोडं हे जगभरच्या आयांच्या दुधात सापडलं आहे. तरी दुधाचा फायदा त्याहून कितीतरी मोठा. पाजत राहा. फक्त यापुढे त्या पुस्तकांना हातमोजे आणि तोंडाला फडकं. आणि हा डबा कचऱ्यात टाकू नका, नाल्यात ओतू नका, घरी जाळायचा तर अजिबात नाही. तो न्यायला माणसं येतात, त्यांना कळवते."

माणसं यायला तीन आठवडे लागले. तोवर मी कुलपात होतो. पट्टा, पाळण्याचे तेल लावलेले जुने पाय, उरलेलं तेल, सगळं माझ्याच शेजारी बांधून ठेवलेलं. पाळण्याला मुलानं नवे पाय बसवले. ते चार पाय आता चार वाट्यांत उभे असतात आणि वाट्यांत पाणी असतं. साधं पाणी. मुंग्या काठापर्यंत येतात, मिशा हलवतात आणि परत जातात. एवढंच करायचं होतं. नवा पट्टा सुती आहे. तो चघळून चघळून चिंधी झाला आहे, असं कानावर येतं.

जायच्या आदल्या दुपारी आजोबांनी कुलूप उघडलं. हातमोजे घातलेले होते. त्यांत त्यांची बोटं अवघडल्यासारखी दिसत होती. अबरीचा उरलासुरला कागद त्यांनी काढला आणि माझं लेबल पूर्ण मोकळं केलं. मग टेबलाशी जाऊन त्यांनी लाल कातड्याची एक चिठ्ठी कापली, पितळी अक्षरं तापवली, सोनेरी वर्ख पसरला. मोठमोठ्या ग्रंथांची नावं ते असंच उमटवायचे. श्वास रोखून, एकदाच दाबून.

सूनबाई बाळाला कडेवर घेऊन बघत होती. "काय लिहिताय, बाबा?"

"नाव. इतकी वर्षं बिननावाचंच ठेवलं होतं."

त्यांनी ती चिठ्ठी माझ्या पाठीवर, लेबलाच्या एका अक्षरालाही धक्का लागणार नाही अशी, बसवली. त्यावर एकच शब्द होता: विष.

सोनेरी अक्षरांत असलं तरी ते ठमाकाकूला वाचता येणार नाही. अजून पाच-सहा वर्षं तरी नाही. म्हणून तिच्या आजोबांनी मला खाली ठेवलं नाही, कुलपातच ठेवलं.

आता मी एका गोदामात आहे, लोखंडी पिंपात, माझ्यासारख्याच इतरांबरोबर. इथून पुढे एक फार मोठ्या आचेची भट्टी आहे, माझ्या पोटातली पावडर पुरती मोडते ती तिथंच. कधी, ते ठाऊक नाही. वाट पाहायची मला सवय आहे.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरात एखादा जुना डबा, बाटली, पुडी असेल, तर तिच्यावर काय लिहिलं आहे ते मोठ्या माणसांकडून वाचून घ्या. मधलंसुद्धा. तिला उंचावर, कुलपात ठेवायला सांगा. आणि तिचं लेबल कधी फाडू नका, झाकू नका, कितीही सुंदर कागद हाताशी असला तरी. आम्हांला ओरडता येत नाही. आमचं ओरडणं म्हणजे तेवढंच, चार बोटांच्या जागेत बारीक छापलेलं.